बाळंतिणीचा उंबरा

नबवियाने खोलीच्या चौकटीवर आडवा हात टाकला आणि विचारलं, "कुठून आलीस?"

उंबऱ्याबाहेर शादिया उभी होती. खांद्याला आरोग्य केंद्राची निळी पिशवी, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर ते सरकारी हसू, जे पाहिलं की नबवियाला ओल्या फडक्याने पुसून टाकावंसं वाटे.

"घरून आले, काकू."

"घरून थेट?"

शादिया क्षणभर थांबली. त्या थांबण्यातच नबवियाला उत्तर मिळालं.

"वाटेत अबू दीफांकडे डोकावले. त्यांच्या सुनेला भेटले आणि निघाले."

"म्हणजे मयताच्या घरून."

"दफन परवाच झालं, काकू."

"ऐका गं!" नबविया मागच्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मयताच्या घरचा पाय घेऊन ही बाळंतिणीच्या खोलीत शिरायला निघाली होती. नर्स आहे म्हणे. शिकलेली."

अंगणातल्या बायकांनी एका सुरात देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा खारे शेंगदाणे सोलायला लागल्या. आज पोरीचा सातवा होता, जन्माच्या सातव्या दिवसाचा सोहळा. मधोमध चाळण सजवून ठेवली होती, शेजारी पितळी खल, मीठ मिसळलेल्या सात धान्यांची परात, आणि लाल फीत बांधलेला मातीचा कूजा. सगळं तयार होतं. फक्त जिने पोरीवरून सात वेळा पाय टाकून जायचं, ती आई खोलीतून बाहेर येत नव्हती.

"नवा चंद्र दिसल्याशिवाय मयताचा पाय आत नको," शेजारची तफीदा तोंडातला दाणा गालात सरकवून म्हणाली. "कच्चं मांस नको, नुकती दाढी केलेला पुरुष नको, वांगी नकोत. दूध आटतं बाई. कूस बंद होते. हे काय आज सांगायला हवं?"

"आणि हिला तर नकोच सांगायला," नबविया म्हणाली. "हिच्या घरात ते चांगलं माहीत आहे."

टोला कुणाला होता ते साऱ्या अंगणाला कळलं. शादियाची आई इंशिराह ही नबवियाची धाकटी जाऊ. शादियाच्या जन्माच्याही आधी, नबविया दुसऱ्या वेळी बाळंत झाली होती तेव्हा, नवी नवरी असलेली इंशिराह डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन तिच्या खोलीत शिरली. त्याच दुपारी नबवियाला झटके आले. दूध आटलं, आणि मुलगी चाळीस दिवसांची व्हायच्या आत गेली. त्यानंतर नबवियाची कूस उजवली नाही. गल्लीतल्या पोरीबाळी ही गोष्ट ऐकत मोठ्या झाल्या होत्या. गोष्टीत इंशिराह कधी पाटी घेऊन येई, कधी पाटी आणि वर कच्ची कलेजी घेऊन. सांगणाऱ्याच्या मनात जसं विष असेल तशी. पाटी उतरवायचीही अक्कल नसलेली, अवदसा, काळ्या पायाची. तेव्हापासून इंशिराहने या दारात पाऊल ठेवलं नव्हतं, आणि कुणी ये म्हटलंही नव्हतं.

"काकू," शादिया शांतपणे म्हणाली, "रगबदादाचा हुरघाडाहून फोन आला होता. रबाबने त्याला सांगितलं, डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मला फक्त रक्तदाब बघू द्या."

"वा! सासू चार हातांवर बसलेली, आणि बायको डोकं दुखतं म्हणून समुद्राकाठी फोन लावते. तो बिचारा तिथे परक्यांची ताटं उचलतो, आणि हिची डोकेदुखी पण त्यानेच उचलायची."

"केनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या ना?"

"बाळ पोटात होतं तेव्हाच्या त्या. बाळ बाहेर आलं, दुखणंही बाहेर आलं. आता दुधात विष कालवू?"

शादियाने ओठ दाबून धरले. तिची नजर कपाटाच्या वर गेली. तिथे औषधाची पिशवी गाठ मारून ठेवली होती. गाठ सुटलेली दिसत नव्हती.

खोलीत पडदा ओढलेला होता. रबाब भिंतीकडे तोंड करून पडली होती. केना शहरातली ही पोर, आई लहानपणीच गेलेली. लग्न होऊन आली तेव्हा तिला उन्हात फुगवायची भाकरी येत नव्हती, आणि हे नबवियाने पहिल्या दिवसापासून प्रत्येक पाहुण्याला सांगितलं होतं. गरोदरपणात तिचे पाय सुजले तर नबविया म्हणाली, शहरात पाय वापरत नाहीत म्हणून. चेहरा सुजला तर म्हणाली, झोपून झोपून. शेवटी दवाखान्यात पोट चिरून पोर काढावी लागली, त्याचंही नबवियाला हसूच आलं. हल्लीच्या मुलींना पोरसुद्धा दुसऱ्यानेच काढून द्यावं लागतं.

माणसाची जीभ ही विचित्र वस्तू आहे. तीच जीभ पहाटे नमाजात मऊ होते आणि दुपारी सुनेवर धार लावते, आणि मालकिणीला दोन्ही कामांत काही विसंगत वाटत नाही.

"तिला आत येऊ द्या ना," आतून रबाबचा जड आवाज आला.

"तू गप पड. तुला काय कळतं?" नबवियाने हात जरा सैल केला. तिला एक तोड सुचली होती, आणि तोड सुचली की तिच्या आवाजात उदारपणा येई. "ठीक आहे. हिचा पाय आत नको. पण बाळंतीण उंबरा ओलांडून पाहुणीला सामोरी गेली तर दोष लागत नाही. काय गं तफीदा?"

"अगदी शास्त्रशुद्ध," तफीदा म्हणाली.

"ऊठ रबाब. बाहेर ये. सगळ्या बसल्याच आहेत. सातवाही उरकू, आणि हिचं यंत्रही."

रबाब उठून बसली. एक हात बरगडीखाली दाबून धरत दुसऱ्याने तिने भिंत धरली. उभी राहिली आणि पडद्याच्या फटीतून आलेल्या उन्हाची रेघ डोळ्यांवर पडताच तिने तोंड असं फिरवलं, जणू कुणी थोबाडीत मारली. दोन पावलं टाकली. मग भिंतीवरून हात घसरला आणि ती पलंगाच्या कडेवर बदकन बसली.

"नाटक," नबविया म्हणाली.

पण ते म्हणताना तिने रबाबच्या हाताकडे पाहिलं होतं. सुजलेल्या बोटात लग्नाची अंगठी मांसात रुतून बसली होती. नबवियाने पटकन नजर काढून घेतली आणि डोक्यावरची काळी ओढणी उगाचच पुन्हा घट्ट केली.

"काकू, ती उभी राहू शकत नाही." शादियाच्या आवाजातलं सरकारी हसू गेलं होतं. "मला आत येऊ द्या."

"तुझं ते यंत्र आत येऊन काय करणार, सांग मला. मला ठाऊक आहे त्याचा स्वभाव. कुणाच्याही दंडाला बांधा, चढलंय म्हणतं. चढण्याशिवाय त्याला दुसरं काही येतं का? आणि मग म्हणायचं, केनाला न्या."

"असं नसतं."

"नसतं? मग बांध माझ्या दंडाला." नबविया दारातून बाहेर आली आणि भिंतीलगतच्या ओट्यावर ऐसपैस बसली. मात्र जाताना तिने खोलीचं दार मागे ओढून घेतलं. "या वयात उसाच्या मोळ्या डोक्यावरून उतरवते मी. डॉक्टरचं तोंड बघितलं नाही. माझ्यात काही निघालं तर समजेन तुझं यंत्र खोटारडं आहे. आणि काही नाही निघालं, तर तुझा पाय धुऊन घे, उदाचा धूर घे, आणि मग बघू."

बायका खुर्च्या सरकवून जवळ आल्या. तमाशा फुकटचा असला की या गल्लीला ऊन लागत नाही.

शादियाने पट्टा बांधला. फुगा दाबला. कानाला नळ्या लावून ती खाली बघत राहिली. मग पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला आणि पुन्हा दाबला. नबवियाला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून ती शादियाचा चेहरा वाचत होती, आणि त्या चेहऱ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. तेच तिला आवडलं नाही.

"बोल."

"बराच चढलाय, काकू."

नबविया खदखदून हसली. तिने मांडीवर थाप मारली. "बघितलंत? मी काय म्हटलं? आता मलाही पाडणार केनात! दगडालाही बांधा, दगडालाही चढेल!"

सगळ्या हसल्या. तफीदाला हसताना ठसका लागला, तिच्या पाठीवर कुणीतरी चापट्या मारल्या. शादिया मात्र ओट्यासमोर उकिडवी बसून पट्ट्याची गुंडाळी करत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "सकाळी उठल्यावर मान दुखते का? जिना चढताना थांबावं लागतं?"

"वय झालं की थांबावं लागतं. घोडाही थांबतो."

"काकू, तुम्हाला बाळंतपणानंतर झटके आले होते ना?"

ही गोष्ट या घरात पाठीमागे बोलायची असे, समोर नव्हे. त्यातून विचारणारी इंशिराहची मुलगी.

"तुझ्या आईला विचार," नबविया म्हणाली. तिचा आवाज एकदम सपाट झाला. "तिने आणले होते ते झटके. पाटीत घालून."

"तिने आणले नव्हते. रक्ताच्या नळ्यांनी आणले." शादिया घाई न करता बोलत होती, पण तिची बोटं बंद दाराकडे ओढ घेत होती. "काही बायकांच्या नळ्या गरोदरपणात आवळतात. आतून खरखरीत होतात. डोकं, डोळे, यकृत, मूत्रपिंड, सगळीकडे रक्त जोराने आपटतं. बाळ बाहेर आलं म्हणजे त्या त्याच दिवशी सैल होतात असं नाही. उलट पहिल्या आठवड्यातच काहींना जास्त होतं. आणि एकदा ज्यांच्या आवळल्या, त्यांच्या पुढेही कडकच राहायला बघतात. पंपाची रबरी नळी उन्हात राहिली तर कशी होते? दिसायला तीच. पण लवत नाही."

"म्हणजे मी रबरी नळी."

"तुम्ही इतकी वर्षं असा रक्तदाब घेऊन मोळ्या उचलताय, काकू. मी हसणार नाही त्याला."

"हसू नकोसच. हसायला तोंड लागतं." पण नबवियाच्या टोल्यात आता जोर नव्हता. बायकांनीही त्याला हसून दाद दिली नाही.

तफीदाच्या फोनला जोडलेल्या स्पीकरवर इतका वेळ शेख अब्दुल-मुईनचं गाणं चाललं होतं. कूस गावाच्या पंचक्रोशीत सातवा असो, लग्न असो, त्याच्या आवाजाशिवाय घर पवित्र होत नाही. गोष्ट सांगतो, गाता गाता थांबतो, श्रोत्यांना प्रश्न विचारतो, डफावर बोटं फिरवून पुन्हा उचलतो. आता तो माता मरियमच्या वेणांपाशी आला होता.

"एकटी होती, लोकहो!" तो गात होता. "सावली कुणाची होती? झाडाची! पाणी कुणी दिलं? जमिनीने! आणि माणसं? माणसं कुठे होती?" डफ थांबला. "माणसं गावात होती. नावं ठेवत बसली होती."

"अल्लाह!" स्पीकरमधला सगळा जमाव हेलावला, आणि त्याबरोबर अंगणातल्या बायकाही. एकीने डोळ्यांना ओढणी लावली. चार हातांवर, बंद दारामागे, एक पोर डोकं धरून पडली होती. तिच्यासाठी या डोळ्यांतून अजून थेंब निघाला नव्हता. असल्या श्रोत्यांना काय म्हणावं? त्या गळ्यात देव होता. तो अंगणापर्यंत आला आणि बायकांच्या कानांशीच थांबला.

"मला एकच सांगा," शादिया म्हणाली. "तेव्हा तुमचं डोकं दुखायला लागलं ते माझी आई खोलीत आल्यानंतर, की आधी?"

"नंतर," नबवियाने ताबडतोब सांगितलं. हे उत्तर तिच्या जिभेवर इतकी वर्षं होतं की त्याला विचार लागत नव्हता.

"डोळ्यांपुढे काजवे?"

"तेही..."

"आई म्हणते, मला हाक आली म्हणून मी धावत गेले," शादिया म्हणाली. "कुणाची हाक, ते मात्र सांगत नाही. मी लहानपणापासून विचारतेय. म्हणते, असेल कुणाची तरी."

नबवियाने बाही खाली ओढली, मनगटापर्यंत, आणि मग बटण लावायला लागली. बटण लागेना.

त्या दिवशी छपराच्या कडब्यात काजवे होते. भर दुपारी. आदल्या रात्रीपासून होते. सासू उसाच्या रानात गेली होती, लहानगा रगब झोपला होता, आणि डोक्यात कुणीतरी खल कुटत होतं. तिने हाक मारली होती. एकदा नाही. गळा फाटेपर्यंत. इंशिराह, अगं इंशिराह, ये गं, माझं डोकं धर. आणि ती सतरा वर्षांची पोर बाजारातून येत होती. पाटी उतरवायलाही थांबली नाही. तशीच आत आली. पाटी कलंडली, वांगी खोलीभर गडगडली, आणि तिचे दोन थंड हात नबवियाच्या कपाळावर आले. त्यानंतरचं नबवियाला आठवत नव्हतं. शुद्धीवर आली तेव्हा सासू शेजारणींना वांगी दाखवत होती. कुणीतरी विचारलं, हिला आत कुणी बोलावलं? नबवियाची जीभ चावलेली होती, सुजली होती. बोलता आलं नाही. पुढे जीभ बरी झाली.

स्पीकरवर शेखने नवा चरण उचलला.

"तो बंद कर," नबविया म्हणाली.

"अगं पण आता तर कुठे..." तफीदा म्हणाली.

"बंद कर म्हटलं ना!" ती ओट्यावरून उठली. उठताना एक हात भिंतीला टेकावा लागला. तिने खोलीचं दार ढकललं आणि बाजूला झाली.

"चपला काढ आणि आत हो," ती शादियाला म्हणाली.

"पाय धुऊ?"

"पाय धुवायला वेळ आहे का तुला? की तेही मीच सांगायचं? नर्स म्हणे!"

"अगं रगबच्या आई!" तफीदा अर्धवट उठली. "मयताचा पाय! चंद्रसुद्धा दिसला नाही अजून! पोरीचं दूध..."

"तुझ्या तोंडात दाणे आहेत ना, तफीदा? चाव."

शादिया आत गेली होती. पडदा न उघडता ती पलंगाच्या कडेला बसली, रबाबच्या दंडाला पट्टा बांधला. या वेळी तिने एकदाच बघितलं. गुडघ्याच्या वाटीखाली बोटांनी टिचकी मारली, तर रबाबचा पाय हिसडा देऊन उडाला. शादियाने पिशवीतून फोन काढला आणि कुणाला तरी तुटक वाक्यांत सांगायला लागली. बाळंतीण, हो, सातवा दिवस. डोकं, दृष्टी, पोटात वर दुखणं. इंजेक्शन तयार ठेवा. निघतोय. तफीदाच्या मुलाची टॅक्सी गल्लीतच उभी होती, त्याला कुणीतरी झोपेतून उठवायला धावलं.

नबविया कपाटापाशी गेली. चवड्यांवर उभी राहून तिने वरची पिशवी काढली, दातांनी गाठ सोडली आणि पिशवी शादियापुढे धरली. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी होती, एकही गोळी काढलेली नव्हती. शादियाने ती पाहिली, त्यातलं हवं ते उचललं, आणि नबवियाकडे पाहिलंही नाही. एखादा शब्द बोलली असती तर नबवियाला उत्तर देता आलं असतं. उत्तरं तिच्याकडे पुष्कळ होती.

"अम्मा," रबाब पुटपुटली, "मला दिसत नाहीये नीट."

"दिसेल," नबविया म्हणाली. "दिसण्यासारखं काय आहे इथे? ह्या बायका?" तिने रबाबचं डोकं आपल्या खांद्याला लावून घेतलं, एक हात तिच्या कपाळावर ठेवला आणि तसाच ठेवला.

दोघींनी मिळून तिला उचललं. बायकांनी परात, खल, चाळण पायांनी बाजूला सारली. टॅक्सीच्या मागच्या बाकावर तिला कुशीवर निजवलं. शादियाने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"काकू, तुम्हीही चला. पुढे बसा. तुमचाही रक्तदाब तिथे पुन्हा बघायचाय."

"मी कशाला?"

"काकू."

"येते. ओरडू नकोस. आणि पोरीचं?"

"केंद्रातून दुधाचा डबा पाठवते. तोवर तिला सांभाळायला कुणीतरी हवं. ऊब हवी, बाकी काही पाजायचं नाही. बडीशेपेचं पाणी नको, मध नको."

नबविया परत अंगणात आली. पोरगी पाळण्यात जागी होती, पांढऱ्या कपड्यांत, कपाळावर निळा मणी, आणि सातव्याचा सारा गोंधळ आपल्यासाठीच आहे याची खबर नसल्यासारखी मूठ चोखत होती. नबवियाने तिला उचललं. तफीदाने दोन्ही हात पुढे केले.

"दे इकडे. मी बघते. मला सवय आहे."

नबवियाने तिच्या हातांकडे पाहिलं. मिठाने माखलेली बोटं, नखांत शेंगदाण्याचं साल. मग ती तिच्यावरून पुढे गेली, फाटकातून बाहेर, टॅक्सीच्याही पुढे.

गल्लीच्या तोंडाशी बाभळीखाली एक बाई उभी होती. ओढणीचं टोक तोंडावर धरून. ती मुलीबरोबर इथवर आली होती आणि नेहमीप्रमाणे इथेच थांबली होती. इतक्या वर्षांत तिला या कोपऱ्यावरून पुढे कुणी पाहिलं नव्हतं. नबवियाला येताना बघून इंशिराह एक पाऊल मागे सरली. पाठ बाभळीला लागली.

दोघी म्हाताऱ्या समोरासमोर उभ्या राहिल्या. जवळून पाहिलं तर इंशिराहच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. नबवियाला हे माहीत नव्हतं.

"शादियाने पाठवलं का बोलवायला?" इंशिराहने विचारलं. "रबाबला जास्त झालंय का?"

"केनाला नेतोय."

"मी देवाला मागते..."

"देवाला नंतर माग. आधी हात पुढे कर."

इंशिराहने हात पुढे केले नाहीत. ती नबवियाच्या तोंडाकडे बघत राहिली, जसं कुणी टोला कुठून येतोय ते बघतं. मागे फाटकात सगळ्या बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बहिरी झालीस का?" नबविया म्हणाली. "तेव्हा तर लांबूनही ऐकू आलं होतं तुला."

इंशिराहचा हात ओढणीवरून खाली आला. मग तिने दोन्ही हात पुढे केले, आणि नबवियाने पोरगी त्यांत ठेवली. ठेवताना कपड्याची घडी नीट केली, पुन्हा केली, आणि तरीही बोटं लगेच काढून घेतली नाहीत.

"मान धर नीट. धरता येते ना?"

"येते."

"काही पाजू नकोस. शादिया डबा पाठवेल. आणि ती तफीदा काही सांगेल, त्याच्या उलट कर."

टॅक्सीचा भोंगा वाजला. नबविया वळली. लगबगीने चालताना तिला धाप लागत होती, आणि आज पहिल्यांदाच तिने ती लपवली नाही. दार उघडून ती पुढच्या बाकावर बसली.

इंशिराह पोरगीला छातीशी धरून टॅक्सीपाशी आली. खिडकीजवळ वाकली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"जाऊबाई, हिला घेऊन बसू कुठे? ओट्यावर बसू?"

"ओट्यावर ऊन आहे," नबविया म्हणाली. ती समोरच्या काचेकडे बघत होती. "तान्ह्या पोरीला उन्हात बसवतात का? तुला मेलीला अक्कल नव्हती, ती नव्हतीच. बाळंतिणीच्या खोलीत बस."

तफीदाच्या मुलाने गाडी सुरू केली. इंशिराहने पोरीचं डोकं ओढणीखाली घेतलं आणि ती फाटकाकडे चालू लागली. फाटकातल्या बायका आधी हलल्या नाहीत. मग एकेक करून भिंतीला टेकल्या आणि मधून वाट झाली.